बदल वरून येतो, राग आमच्या हेडसेटवर

निळी_शाई (धागाकर्ती)

अकरा वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली. सुरुवात पासवर्ड रिसेटच्या क्यूवर (कॉलच्या रांगेवर) झाली, आता एल-टूला, म्हणजे अवघड तक्रारी बघणाऱ्या दुसऱ्या फळीत आहे. इतक्या वर्षांत या कामाबद्दल कुठे लिहावंसं वाटलं नाही. गेल्या महिन्यात एक गोष्ट घडली आणि ती मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्याकडे नोंदींचं जुनं सॉफ्टवेअर काढून ब्राउझरमध्ये चालणारं नवं आणलं. गो-लाइव्ह, म्हणजे ते सगळ्यांसाठी सुरू होणं, सोमवारी होतं. त्या दिवसापासून क्यू उतरलीच नाही. एक कॉल ठेवला की पुढचा वाजलेलाच, मधे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, नीट लिहायलाही फुरसत नाही. आणि जवळपास प्रत्येक कॉलची सुरुवात एकच: "तुम्ही हे का बदललंत?" मी काहीच बदललेलं नव्हतं. हे सॉफ्टवेअर कुणी निवडलं, काय बघून निवडलं, मला ठाऊक नाही. आमच्या टीमला ते गो-लाइव्हच्या चार दिवस आधी दाखवलं, तेही दीड तासाच्या सादरीकरणात. पण फोनवरच्या माणसासाठी "तुम्ही" म्हणजे मी.

तिसऱ्या आठवड्यात गुणवत्ता तपासणीत माझ्याच एका कॉलचं रेकॉर्डिंग मला ऐकवलं. गुण चांगले पडले होते. नमस्कार, ओळख पडताळणी, सहानुभूतीचं वाक्य, शेवटचं "आणखी काही मदत हवी आहे का?", सगळं जागच्या जागी. ऐकताना मात्र माझ्या पोटात खड्डा पडला. त्या बाई अकरा मिनिटांत तीन वेळा एकच गोष्ट सांगत होत्या: तारखेच्या रकान्यात आता टाइप करता येत नाही, दरवेळी माउस धरून कॅलेंडर उघडावं लागतं. आणि मी त्यांना तिन्ही वेळा कॅश (ब्राउझरने साठवलेली तात्पुरती माहिती) क्लिअर करायला लावली. त्यांचं म्हणणं माझ्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. मग मी ते तिकीट उघडून पाहिलं. मी लिहिलं होतं: "युजरला नवी सिस्टीम समजत नाही. मार्गदर्शन केलं. बंद."

मी अशी नव्हते. पहिल्या वर्षी एका गृहस्थांची फाइल उघडेना, तेव्हा शिफ्ट संपल्यावरही थांबून मी ती परत मिळवून दिली होती आणि घरी जाताना मला आनंद झाला होता. आता रिंग वाजली की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच मला त्याचा राग आलेला असतो. सुट्टीचा दुसरा दिवस दुपारनंतर संपतोच, कारण उद्याचं ओझं तेव्हाच छातीवर येऊन बसतं. परवा आईने "जरा हा मोबाइल बघतेस का" म्हटलं आणि मी तिच्यावर खेकसले. ती काही बोलली नाही. फोन उचलून आत गेली.

यातून कुणी बाहेर आलं असेल तर कसं आलात ते सांगा. आणि दुसरं मला खरंच समजून घ्यायचं आहे: लोक बदलाला एवढा विरोध का करतात? की आपल्याला ऐकून घ्यायला वेळ नसतो, म्हणून आपण त्याला विरोध म्हणतो?

तिसरी_पाळी

ताई, "युजरला समजत नाही, मार्गदर्शन केलं, बंद" हे वाक्य मीही शेकडो तिकिटांत लिहिलं आहे. वाचून गप्प झालो.

तीन वर्षं झाली, बहुतेक रात्रपाळी. झोपेत रिंग ऐकू येते. पण एक गोष्ट मला अजून नीट उलगडलेली नाही, ती इथे मांडतो. १९ जुलै २०२४ आठवत असेल. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचं सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. दूरवरून दुरुस्त करायची सोय बहुतेक ठिकाणी चालली नाही, कारण मशीन सुरूच होत नव्हतं. एकेक संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू करून, त्यातली एक फाइल काढायची. ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेला (सांकेतिक कुलूप लावलेला) असेल तर त्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की. आम्ही ती फोनवर आकडा-आकडा करून सांगायचो, पलीकडचा माणूस टाइप करायचा, एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मी सलग सोळा तास केलं ते.

आणि त्या दिवशी मला थकल्यासारखं वाटलं नाही. म्हणजे शरीर मोडलं होतं, पण मन ताजं होतं. त्याच महिन्यात एका साध्या, तीस कॉलच्या रात्रीनंतर मात्र मी पार्किंगमध्ये अर्धा तास नुसता बसून होतो. कामाच्या ओझ्याने माणूस संपत असता तर हे उलटं व्हायला हवं होतं ना?

अर्धविराम

मी समुपदेशक आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत सपोर्टमधली माणसं बरीच असतात. तिसरी_पाळी, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, पण आधी निळी_शाईंसाठी थोडं.

"बर्नआउट" हा शब्द या अर्थाने अभ्यासात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात ते स्वतः काम करत होते आणि तिथले स्वयंसेवक कसे विझत जातात हे त्यांनी पाहिलं. विझणारे होते ते जीव ओतून काम करणारे, हे त्यांनी नोंदवलं आहे. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं, बर्नआउटच्या तीन खुणा दिल्या आहेत: शक्ती आटून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये जे ऐकलंत ती दुसरी खूण आहे. ती तुमच्या स्वभावातली खोट नाही. मन स्वतःला वाचवायला दार लावून घेतं, आणि दुर्दैवाने ते दार समोरच्या माणसाच्या तोंडावर लागतं.

आयसीडी-११ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट आहे. बर्नआउट हा आजार म्हणून धरलेला नाही. नोकरीशी निगडित स्थिती म्हणून धरला आहे, दीर्घकाळ चाललेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या कामाच्या ताणातून आलेली. म्हणून "मला काय झालंय" याच्याइतकाच "या कामाला काय झालंय" हाही प्रश्न विचारायचा असतो.

आता १९ जुलै. मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी पुढे सहा गोष्टी सांगितल्या, ज्यांत माणूस आणि काम यांचा मेळ बसला नाही की बर्नआउट येतो: कामाचा भार, कामावरचा ताबा, मिळणारी दाद, सहकाऱ्यांची साथ, न्याय आणि मूल्यं. भार हा सहातला एकच. त्या दिवशी भार प्रचंड होता, पण काय बिघडलंय ते सगळ्यांना माहीत होतं, उपाय तुमच्या हातात होता, आणि प्रत्येक संगणक सुरू झाला की पलीकडून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकत होतं. त्या तीस कॉलच्या रात्री यातलं काय होतं, ते आठवून बघा.

एक सावधगिरीची सूचना, आणि ही मनापासून. कामाबाहेरही कशातच आनंद वाटत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, जगण्याबद्दल नकोसे विचार येत असतील, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांना भेटा.

तिसरी_पाळी

त्या तीस कॉलपैकी एकवीस एकाच कारणाचे होते. नवं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडणारी सोय) दर चाळीस मिनिटांनी तुटत होतं. मी एकवीस वेळा "पुन्हा जोडून बघा" म्हणालो. कारण नेटवर्क टीमकडे, त्यांची क्यू वेगळी, त्यांना फोन करायची मला परवानगी नाही. तुमचं उत्तर मिळालं मला.

जुनीवही

मी तुमच्या फोनच्या पलीकडचा माणूस. एकतीस वर्षं नोंदी करतो आहे. सुरुवात कागदी वह्यांपासून. त्यानंतर चार सिस्टीम बदलल्या, आणि चारही वेळा मला कुणी काही विचारलं नाही.

निळी_शाई ताई, त्या बाईंच्या जागी मी स्वतःला बघू शकतो, म्हणून सांगतो. जुन्या सिस्टीमवर माझे डोळे कागदावर असायचे आणि बोटं कळफलकावर. पडद्याकडे मी फक्त शेवटी बघायचो. टॅब (पुढच्या रकान्यात नेणारी कळ) किती वेळा दाबायचं ते बोटांना माहीत होतं, मला विचाराल तर मला आठवून सांगावं लागेल. आता हिशेब करा. दिवसाला ३०० नोंदी. तारखेसाठी माउस धरायचा, कॅलेंडर उघडायचं, महिना मागे न्यायचा, तारीख टिचकवायची, पुन्हा हात कळफलकावर. फार तर १२ सेकंद जास्त. म्हणजे दिवसाला बरोबर एक तास. तो तास मला कुणी वाढवून दिला नाही, रोजचं उद्दिष्ट ३०० च राहिलं. मी तक्रार केली तेव्हा सांगितलं, "सवय होईल." सवय झाली तरी माउस उचलायचा वेळ कसा वाचेल?

आणि हे वेळेपुरतं नाही. शुक्रवारी संध्याकाळी विभागातली पोरं अडली की माझ्याकडे यायची. सोमवारी सकाळी मी त्यांच्याकडे बघत होतो. माझी एकतीस वर्षं एका शनिवार-रविवारी पुसली गेली, आणि त्याबद्दल मला एक ईमेल आला, ज्यात लिहिलं होतं की आता काम अधिक सोपं होणार आहे. त्या सोमवारी मीही सपोर्टला फोन करून चढ्या आवाजात बोललो. मुलगी नवी होती, तिचा आवाज कापत होता. मला तेव्हाच कळलं की तिचा काही दोष नाही. तरी थांबलो नाही, कारण दुसरा नंबरच माझ्याकडे नव्हता. तिला सांगायचं राहिलं ते इथे सांगतो: माझं चुकलं.

निळी_शाई

जुनीवही काका, हे दोनदा वाचलं. आत्ता एवढंच लिहू शकते.

पायवाट

वाचताना गलबलून आलं, पण वेगळी बाजूही मांडतो, नाहीतर चर्चा एकांगी होईल. मी सुरक्षेच्या टीममध्ये आहे. सगळा विरोध शहाणपणाचा नसतो. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला, आणि दोन्ही वेळा "आमचं चाललंय ना, कशाला हात लावता" म्हणणाऱ्या विभागांच्या मी पाया पडलो आहे. ज्या संगणकाला सुरक्षेची दुरुस्ती येणं थांबलं, तो चालतो आहे हे खरं, पण तो उघड्या दाराच्या घरासारखा आहे. दोन टप्प्यांचं लॉगिन आणलं तेव्हा एका वरिष्ठाने माझ्या सहकाऱ्याला सगळ्यांसमोर नको ते ऐकवलं. अपमान सहन करणं हा सपोर्टच्या कामाचा भाग आहे, असं कुणी मानू नये. समोरच्याचं दुःख खरं असलं तरी.

पेरते_व्हा

पायवाट, शिवीगाळीबद्दल पूर्ण सहमत. विरोधाबद्दल थोडी भर घालतो, या विषयावर मी बराच काळ शिकवलं आहे.

नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा सगळ्यात गाजलेला अभ्यास एव्हरेट रॉजर्स यांचा, १९६२ चा. ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतकरी कुटुंबातले. त्यांच्या वडिलांना नवी यंत्रं आवडायची, पण मक्याच्या संकरित वाणाला त्यांचा विरोध होता. १९३६ च्या दुष्काळात शेजारचा संकरित मका उभा राहिला आणि त्यांचा वाळला, तेव्हा ते वळले. म्हणजे पायवाट म्हणतात तसं, विरोध करणारा चुकू शकतो. पण हेही बघा की तोच माणूस एका बदलाचं स्वागत करतो आणि दुसऱ्याला अडवतो. "बदलाला विरोध करणारा" नावाचा माणसाचा प्रकार नसतोच. रॉजर्स यांनी विचारायला लावलेले प्रश्न साधे आहेत: आधीपेक्षा फायदा आहे का, आपल्या पद्धतीशी जुळतं का, किती किचकट आहे, आधी करून बघता येतं का, आणि इतरांना झालेला फायदा डोळ्यांना दिसतो का. जुनीवहींच्या बाबतीत पाचपैकी किती उत्तरं "नाही" आहेत, ते मोजा. आणि पुढे याच क्षेत्रावर टीका करताना रॉजर्स यांनी लिहिलं की आपण दोष व्यवस्थेऐवजी व्यक्तीला देत आलो.

लडाइट हा शब्द आज अडाणी विरोधकासाठी वापरतात, तेही चुकीचं आहे. १८११ मध्ये नॉटिंगहॅमच्या परिसरात विणकामाचे माग मोडणारे ते लोक स्वतः मागावरचे कुशल कारागीर होते. यंत्र त्यांच्या रोजच्या हाताखालचं होतं. त्यांचा राग हलका माल काढून मजुरी पाडण्यावर होता. १८१२ मध्ये ब्रिटिश संसदेने माग मोडण्याला थेट मृत्युदंड ठेवला. त्यांचं म्हणणं ऐकून घेण्यापेक्षा ते सोपं वाटलं असावं.

आणि सुरक्षेतलंच उदाहरण घ्या. दर काही आठवड्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याविरुद्ध लोक किती वर्षं कुरकुरत होते! मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायची सक्ती करू नका. जुन्या सूचना लिहिणाऱ्या बिल बर यांनी त्या वर्षी जाहीरपणे खेदही व्यक्त केला. लोक शेवटचा आकडा एकाने वाढवून मोकळे होत होते. हे पहिल्यांदा कुणाला कळलं असेल? हेल्पडेस्कला. रोज अनलॉक तेच करत होते.

पायवाट

हे मान्य. पासवर्डच्या मुदतीबद्दल आमच्या हेल्पडेस्कने दोनदा लिहून दिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

उंबरठा

मी सपोर्टचा मॅनेजर आहे. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो, कारण यात माझा हात आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही पासवर्ड रिसेट स्वतः करायची सोय दिली आणि साध्या प्रश्नांसाठी चॅटबॉट आणला. वरच्या बैठकीत मी अभिमानाने दाखवलं की कॉल किती कमी झाले. खरोखर झाले होते. पण कमी कुठले झाले? दोन मिनिटांत सुटणारे, ज्यांच्या शेवटी माणूस "वा, झालं, आभारी आहे" म्हणायचा. माझ्या टीमच्या दिवसातले ते श्वास घेण्याचे क्षण होते. उरले ते सगळे गुंतागुंतीचे, आणि चॅटबॉटशी पंधरा मिनिटं झगडून आधीच तापलेले. सरासरी कॉलच्या वेळेचं उद्दिष्ट मात्र मी जुनंच ठेवलं. वर्षभरात चौघांनी राजीनामा दिला, त्यातली दोघं माझी सगळ्यात चांगली माणसं. चौथ्याने जाताना हे गणित मला कागदावर मांडून दाखवलं. तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही जे केलं त्यातलं काही चाललं, काही नाही. कॉलच्या वेळेचं उद्दिष्ट काढून टाकलं. वरून नाराजी आली, पण टिकलं. नव्या सिस्टीमच्या पहिल्या सहा आठवड्यांत ग्राहकांनी दिलेले गुण व्यक्तीच्या नावावर धरायचे नाहीत, असं ठरवलं, कारण ते गुण सिस्टीमला असतात. प्रत्येकाला दिवसातून एक तास फोनबाहेर देण्याचा प्रयत्न केला, तो गर्दीच्या आठवड्यात हमखास मोडतो.

सगळ्यात जास्त फरक एका जुन्याच गोष्टीने पडला. आयटीआयएल या आयटी सेवांच्या कामपद्धतीत इन्सिडंट आणि प्रॉब्लेम हे वेगळे धरले आहेत, आपण सगळ्यांनी ते परीक्षेसाठी पाठ केलेलं असतं. माणसाचं आत्ता अडलेलं काम सुरू करून देणं म्हणजे इन्सिडंट. ते पुन्हा पुन्हा का अडतं ते शोधणं म्हणजे प्रॉब्लेम. आमच्याकडे प्रॉब्लेम उघडायचा अधिकार कागदोपत्री सगळ्यांना, प्रत्यक्षात कुणालाच नव्हता. आता एकाच कारणाचे पाच कॉल झाले की पहिला फोन घेणारा एल-वनवाला स्वतः प्रॉब्लेम तिकीट उघडतो, आणि ज्या टीमचा तो विषय आहे तिला तीन दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. "करणार नाही" हेही उत्तर चालतं, पण नावानिशी. तिसरी_पाळी, तुमचे एकवीस कॉल आमच्याकडे पाचव्यालाच थांबले असते, असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण सोळा वेळा खोटं बोलायची वेळ तुमच्यावर आली नसती.

कोरंपान

मी नऊ वर्षांनी सपोर्ट सोडला. आता टेस्टिंगमध्ये आहे. सोडल्यावर कित्येक महिने आपण हरलो असं वाटायचं. आता वाटत नाही. फोनवर ऐकलेली सगळी माणसं माझ्या कामात उपयोगी पडतात, स्क्रीन हातात आला की मी आधी माउस बाजूला ठेवून बघते. निळी_शाई, उंबरठासारखा मॅनेजर नसेल तर स्वतःला जाळत बसू नका. दुसऱ्या कामात जाणं ही पळवाट नाही.

निळी_शाई

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

त्या बाईंना मी फोन केला. तिकीट बंद झालेलं असताना फोन करायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही जे सांगत होतात ते मी ऐकलं नाही, आज ऐकायला फोन केला आहे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या बोलल्या, मी लिहून घेतलं. जुनी तिकिटं चाळली, तर तारखेच्या रकान्याचे ४६ कॉल निघाले. त्यातले १७ मी स्वतः "मार्गदर्शन केलं" म्हणून बंद केलेले. सगळे जोडून एकच प्रॉब्लेम तिकीट उघडलं आणि काकांचं सेकंदांचं गणित त्यांच्या आकड्यांऐवजी आमचे आकडे घालून त्यात लिहिलं. उत्तर आलं. तारीख टाइप करण्याची सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे. टॅबचा, म्हणजे रकान्यांचा, क्रम बदलायला मात्र नकार मिळाला, कारण लिहून.

मी बरी झाले असं नाही. डॉक्टरांना भेटले, झोपेचं थोडं सुधारतं आहे. आठवड्यातून दोन दिवस फोनबाहेरचं काम मागितलं, एक मिळाला. कोरंपान, टेस्टिंगचा विचार डोक्यात आहे, घाईने ठरवणार नाही. आईचा मोबाइल बसून नीट लावून दिला. तिला अक्षरं मोठी हवी होती, तेवढंच.

काका, एक विचारायचं आहे. टॅबचा क्रम का महत्त्वाचा आहे हे मला त्या टीमला पुन्हा समजवायचं आहे. त्या बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "बोटांना माहीत आहे, सांगता येत नाही."

जुनीवही

त्यांचं बरोबर आहे, मलाही सांगता आलं नसतं. विचारू नका. त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि जुनी सिस्टीम कुठे शिल्लक असेल तर तिच्यावर वीस नोंदी करू द्या. दूरून संगणकाचा रिमोट घेतला की तुम्हाला पडदा दिसतो, हात दिसत नाहीत. त्यांचा डावा हात कधी कागद उलटतो ते बघा. माझ्या बाबतीत टॅब दोनदा दाबला की कागद उलटायची वेळ व्हायची आणि रक्कम मी पुढच्या पानावरून वाचायचो. नव्या क्रमात रक्कम आधी येते, म्हणून दरवेळी पान मागे-पुढे करावं लागतं. सॉफ्टवेअर करणाऱ्यांसमोर फॉर्म असतो, कागद नसतो. त्यांना एक कागद नेऊन दाखवा.

निळी_शाई

कागद! हे एकाही कॉलवर कुणी म्हणालं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. जुनी सिस्टीम एका संगणकावर फक्त बघण्यापुरती ठेवली आहे, तिच्या चाचणी प्रतीवर नोंदी करता येतील का ते विचारलं. येतील म्हणाले. शुक्रवारी सकाळी अकराला त्यांच्या विभागात जाते आहे. टॅबच्या क्रमाला नकार देणाऱ्या टीममधल्या एकालाही यायला सांगितलं आहे. तो येतो म्हणाला.